घराचा दवाखाना नको, पण आंघोळीला दार लावता आलं पाहिजे

प्रश्न थोडक्यात : पुण्याजवळ राहणाऱ्या एका ४८ वर्षांच्या नोकरदार वाचक ताईंचं पत्र आहे. तिसऱ्या मजल्यावरचा दोन बेडरूमचा, बावीस वर्षं जुना फ्लॅट. घरात नवरा-बायको, बारावीतली मुलगी आणि ७६ वर्षांच्या सासूबाई. गेल्या डिसेंबरात सासूबाई बाथरूममध्ये घसरल्या, खुब्याचं हाड मोडलं, शस्त्रक्रिया झाली. आता त्या वॉकर घेऊन घरात फिरतात, पण आंघोळीला सुनेची मदत लागते. इमारतीला लिफ्ट आहे, मात्र फाटकातून लिफ्टपर्यंत चार पायऱ्या आहेत. त्यामुळे त्या तेव्हापासून खाली उतरलेल्याच नाहीत. घराच्या नूतनीकरणासाठी या कुटुंबाने पाच लाख रुपये साठवले होते, इंटिरियरवाल्याचा आराखडाही तयार होता. आता नवऱ्याचं म्हणणं असं की, आईची एक खोली करू, तिथे दवाखान्यातली कॉट, कमोडची खुर्ची, हँडल असं सगळं बसवू, मुलीसाठी बाल्कनी बंद करून जागा काढू आणि बाकीचं घर ठरल्याप्रमाणे होऊ दे. नणंदेचं म्हणणं, ज्येष्ठांसाठीच्या गृहप्रकल्पात फ्लॅट घ्या. सासूबाई म्हणतात, "माझ्या घराचा दवाखाना करू नका. मला दांडेबिंडे नकोत." ताई विचारतात : "आईंना कसं पटवायचं? आणि बावीस वर्षांनी घर मनासारखं करायला निघाले, तर मी स्वार्थी ठरते का?"

ताई, नमस्कार.

तुमचं पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्या वेळी मधल्या एका ओळीपाशी थांबले. "हल्ली जिना उतरताना माझाही गुडघा धरतो, पण ते जाऊ दे," असं लिहून तुम्ही पुढे गेलात. ते जाऊ द्यायचं नाही. माझं सगळं उत्तर त्याच ओळीतून निघणार आहे.

आधी स्वार्थाचं. नाही, तुम्ही स्वार्थी नाही. बावीस वर्षं एकाच ओट्याशी उभं राहून, एकाच गळक्या नळाशी जमवून घेऊन ज्या बाईने घर चालवलं, तिला घर चांगलं दिसावं असं वाटणारच. मला खटकलं ते वेगळंच. आईंची सोय आणि तुमचं छान घर हे जणू तराजूच्या दोन पारड्यांत आहेत, एक जड झालं की दुसरं हलकं होणार, असं तुम्ही सगळ्यांनी धरून चाललंय. 'आईची खोली' ही कल्पना तिथूनच आली आहे.

त्या खोलीचा जरा विचार करू. आईंचा दिवस डोळ्यांसमोर आणा. सकाळी बाल्कनीत ऊन, मग चहा, मग भाजी निवडणं, दुपारी हॉलमध्ये मालिका, संध्याकाळी देवापुढे दिवा. यातलं खोलीत काय घडतं? फक्त झोप. खोलीत कॉट, कमोडची खुर्ची आणि जेवणाचं ताटही आलं की बाहेर पडायचं कारणच उरत नाही. नुकतं हाड जुळलेल्या माणसाला चालणं हवं असतं. चालणं कमी झालं की स्नायू गळतात, तोल जातो आणि पुढचं पडणं जवळ येतं. तुमच्या मिस्टरांच्या मनात काळजीच आहे, याबद्दल मला शंका नाही. पण त्या काळजीतून तयार होईल ती चांगल्या फरशीची कोठडी. शिवाय त्यासाठी जी बाल्कनी बंद करायची म्हणता, तीच तर आईंची उन्हाची जागा आहे. खाली उतरता येत नसताना तेवढंच बाहेरचं जग त्यांना उरलंय. बाल्कनी बंद करू नका.

सगळ्यांना वापरता येईल अशा घराची कल्पना ज्यांनी पुढे नेली, ते अमेरिकन वास्तुविशारद रोनाल्ड मेस स्वतः लहानपणी पोलिओ झाल्यापासून चाकाच्या खुर्चीवर होते. शिकत असताना त्यांना जिन्यावरून उचलून न्यावं लागायचं. अपंगांसाठी वेगळं आणि बाकीच्यांसाठी वेगळं बांधू नका, मुळात एकच असं बांधा की होता होईल तेवढ्या सगळ्यांना चालेल, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. १९९७ साली त्यांच्यासह काही तज्ज्ञांनी याची सात तत्त्वं मांडली. ती इथे सांगत बसत नाही. तुमच्या घरापुरतं बोलायचं तर आईंच्या वॉकरला नडणारा उंबरा उद्या तुमच्या गुडघ्यालाही नडणार आहे. मुलीचा पाय मुरगळला तर तिला नडेल, धुण्याची बादली घेऊन जाणाऱ्या मावशींना तर तो आजही नडतोय. तुम्ही ४८ वर्षांच्या आहात. आता केलेलं काम वीस-पंचवीस वर्षं टिकलं, तर ते घर सगळ्यांत जास्त तुम्हीच वापरणार आहात.

आता दुसरी गोष्ट, 'कसं पटवायचं'. पत्रात आईंच्या नकाराला तुम्ही हट्ट म्हटलंय. मला तो हट्ट वाटत नाही. डिसेंबरपासून तुम्ही त्यांना आंघोळ घालताय. पन्नास वर्षं ज्या संसाराच्या त्या मालकीण होत्या, तिथे रोज सकाळी सुनेसमोर उघडं बसावं लागतं. याबद्दल त्या एक शब्दही बोलणार नाहीत. त्या बोलतात ते दांड्यांबद्दल, कारण नव्या दांड्यात त्यांना पुढची सगळी परस्वाधीन वर्षं दिसतात. म्हणून "आई, दांडा लावू का?" असं विचारूच नका. "तुम्हाला पुन्हा एकटीने, दार लावून आंघोळ करता यावी, त्यासाठी काय करू?" असं विचारा. हा शब्दांचा खेळ नाही. दांडा खरोखर त्यासाठीच असतो. आणि हे तुमच्या मिस्टरांसमोर किंवा इंटिरियरवाल्यासमोर नको. दोघीच असताना, दुपारी.

दांडे दवाखान्यातलेच असतात, हेही खरं नाही. जुन्या वाड्यांतले अंधारे, खडे जिने आठवा. वरून एक जाड दोर लोंबत असायचा आणि आजोबांपासून पोरांपर्यंत सगळे तो धरूनच चढायचे-उतरायचे. त्या दोरामुळे वाडा कुणाला इस्पितळ वाटला नाही. आज स्टीलचे, काळे, पितळी रंगाचे, लाकडी मुठीचे दांडे बाजारात मिळतात. रंग आईंना निवडू द्या.

आता प्रत्यक्ष काम. सुरुवात बाथरूमपासून करा, आणि पैशांतला मोठा वाटाही तिथेच जाऊ द्या.

पहिलं काम टेप आणि पेन्सिल घेऊन करायचं आहे, गवंडी येण्याआधी. आईंना कमोडवर बसू द्या, कपडे घालूनच, निवांत. मग उठायला सांगा आणि काही बोलू नका. उठताना त्यांचा हात आपोआप कुठे जातो ते पाहा आणि भिंतीवर तिथे पेन्सिलने खूण करा. बसतानाही तेच. दारातून आत पाऊल टाकताना तेच. तीन-चार खुणा होतील. दांडे तिथे लागतील. पुस्तकातलं माप म्हणाल तर कमोडशेजारचा आडवा दांडा जमिनीपासून साधारण ७० सेंटिमीटरवर येतो, पण पुस्तकाला आईंचा खांदा ठाऊक नाही. माझ्या वडिलांच्या वेळी मी मापं बघून दांडा उजव्या बाजूला बसवून घेतला. त्यांचा उजवा खांदा आखडलेला होता. उठताना ते डाव्या हाताने वॉशबेसिनची कड धरायचे. एके दिवशी ती कड हातात आली. नशिबाने ते पुन्हा खाली बसले, एवढंच. तेव्हापासून मी पेन्सिल आधी काढते.

दांडा हाताच्या मुठीत मावेल असा, साधारण चार सेंटिमीटर जाड आणि भिंतीपासून चार-पाच सेंटिमीटर सुटा असावा. बोटं पूर्ण वळली पाहिजेत, पण घसरलेला हात कोपरापर्यंत आत अडकता कामा नये. सगळ्यांत महत्त्वाची असते ती भिंत. दांड्यावर माणसाचं पूर्ण वजन झटक्याने येतं. तुमची बाथरूमची भिंत अर्ध्या विटेची असेल, तर नुसता प्लास्टिकचा गुल्ला आणि स्क्रू पुरणार नाही. सिपोरेक्सच्या पोकळसर ब्लॉकची असेल तर मुळीच नाही. आरपार बोल्ट टाकून पलीकडून पट्टी द्यावी लागते, किंवा टाइल्स काढल्याच आहेत तर दांड्याच्या जागी आतून काँक्रीटचा पट्टा भरून घेता येतो. हे वाचणाऱ्या इतरांनाही सांगते : बाथरूमचं काम काढलं असेल आणि घरात आज सगळे धडधाकट असले तरी हा पट्टा भरून ठेवा. आज त्याला थोडंच सिमेंट आणि थोडी मजुरी लागते. दहा वर्षांनी नवी टाइल फोडावी लागेल. रबरी सक्शन कपने भिंतीला चिकटणारे दांडे मिळतात, त्यांच्या भरवशावर मात्र कुणाला सोडू नका.

बाथरूमच्या दारातली ती दगडी पट्टी. पाणी बाहेर येऊ नये म्हणून आपण ती बसवतो आणि तिलाच अडखळून पडतो. ती काढता येते. आंघोळीची जागा आतल्या टोकाला घ्या, जमिनीचा उतार तिकडे वळवा आणि दाराशी लांबट जाळीचा निचरा द्या. मग पाणी बाहेर येत नाही. पण जमीन फोडणार असाल तर वॉटरप्रूफिंग पूर्ण नव्याने करून घ्या. पाणी भरून दोन दिवस ठेवून बघितल्याशिवाय टाइल लावू देऊ नका, नाहीतर खालच्या मजल्यावाल्यांशी कायमचा वाद. जमिनीला खरखरीत टाइल. 'अँटी-स्किड' हा शब्द दुकानदार कशालाही लावतो, म्हणून नमुना घरी आणा, त्यावर साबणाचं पाणी ओता आणि ओल्या तळहाताने जोर देऊन ढकलून बघा.

आपली आंघोळ बादली-तांब्याची. पाटावर बसून. खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर इतकं खाली बसणं बहुतेक डॉक्टर मना करतात. नक्की काय चालेल ते तुमच्या सर्जनना विचारा. पाटाऐवजी रबरी पायांचं, पाठ आणि हात असलेलं स्टूल घ्या, बैठक साधारण ४५ सेंटिमीटर उंच. बादली जमिनीवर राहिली तर त्यांना वाकावं लागेल, म्हणून तीही चौरंगावर येऊ दे, किंवा लांब नळीचा हँडशॉवर बसवा. तो बसल्या हाताला लागला पाहिजे. गिझरचं कढत पाणी आणि थंड पाणी आधीच मिसळून येईल असा एकच नळ घ्या. गरम पाण्याची भरलेली बादली सरकवताना पडलेली माणसं मी कमी पाहिलेली नाहीत.

तुमच्या इंटिरियरवाल्याने भिंतीला टांगलेला कमोड सुचवलाय. त्यावर नणंद नाराज आहेत, पण माझा त्याला पाठिंबा आहे. त्याची उंची हवी तशी ठेवता येते. ४५ ते ४८ सेंटिमीटर ठेवा, आईंची पावलं जमिनीला पूर्ण टेकतील इतकीच. भिंत तेवढं वजन घेईल ना, हे तेवढं पक्कं करा. काचेची आडभिंत मात्र रद्द. साधा पडदा चालेल. आणि सगळंच पांढरं नको. पांढरी जमीन, पांढरी भिंत, पांढरा कमोड असला की मोतीबिंदू असलेल्या डोळ्यांना बैठक कुठे सुरू होते तेच दिसत नाही. मागची भिंत गडद घ्या.

दार. तुमच्या पत्रातल्या मापावरून ते अडीच फुटी आहे, म्हणजे चौकट आणि दाराची जाडी वजा जाता मोकळी वाट जेमतेम ६५-७० सेंटिमीटर. वॉकर तिरका करून न्यावा लागत असणार. सरकारी मार्गदर्शक सूचना ९० सेंटिमीटर मोकळी वाट मागतात. तेवढी जागा नसेल तर निदान ८० मिळवा. बाहेरच्या बाजूने भिंतीवर सरकणारं दार घेतलं की हे जमतं. त्याचा दुसरा फायदा असा की, आत कुणी पडलं आणि दाराला आडवं आलं, तरी दार उघडतं. आत ढकलायचं दार अशा वेळी उघडत नाही. कडी अशी घ्या की गरज पडली तर बाहेरून नाण्याने फिरवता येईल. "दार लावा, पण कडी अशी आहे," हे आईंना आधीच सांगा. लपवू नका.

यानंतर एक प्रश्न विचारते, तो तुम्हाला आवडणार नाही कदाचित. घरात दोन बाथरूम आहेत, आणि खोलीला जोडलेलं तुमच्या बेडरूममध्ये. आई रात्री दोनदा उठतात, बोळातून चालत जातात, आणि सोबत म्हणून बारावीतली मुलगी उठते. आईंच्या पलंगापासून सध्याच्या संडासापर्यंत किती पावलं होतात ते मोजा. मग तुमच्या पलंगापासून मोजा. फरक मोठा असेल तर खोल्यांची अदलाबदल करायची का, याचा विचार करा. मोठी बेडरूम नवरा-बायकोचीच, हा नियम बिल्डरने जाहिरातीत लिहिला, आपण तो घरात आणला. नसेल बदलायची तर नाही, माझा आग्रह नाही. पण मग बोळात हालचाल ओळखून लागणारे दिवे हवेतच, पायाच्या उंचीवर, आणि वीज गेली तरी चालणारे. साठीनंतरच्या डोळ्यांना तरुण डोळ्यांच्या दुप्पट-तिप्पट उजेड लागतो. आई "मला दिसतं ग" म्हणतात, त्यावर जाऊ नका. आणि आजी-नातीला वेगळं करायचं ठरवण्याआधी त्या दोघींना विचारलंय का? पत्रात तसं कुठे दिसलं नाही.

बाकी आराखड्यातलं थोडक्यात. हॉलमध्ये बाल्कनीशी चार इंच उंच चौथरा दाखवलाय, तो काढून टाका. घरातल्या घरात एकच अनपेक्षित पायरी असण्यासारखं वाईट काही नाही. चकचकीत फरशीऐवजी मॅट घ्या. सोफा गुडघ्याच्या उंचीचा आणि हात असलेला. जमिनीलगतचे मऊ सोफे दिसतात छान, पण त्यातून तुमचा गुडघाही उठू देणार नाही. हलती पायपुसणी आणि छोटे गालिचे उचला. विजेची बटणं तीन-साडेतीन फुटांवर, आणि प्लगपॉइंट जमिनीपासून दीड फूट वर, म्हणजे वाकायला नको.

स्वयंपाकघराबद्दल मात्र जरा थांबून बोलायचंय. तुम्ही लिहिलंय, "आई ओट्याशी उभ्या राहू शकत नाहीत, म्हणून आम्ही त्यांना स्वयंपाकघरात येऊच देत नाही." यात तुमचा हेतू चांगला आहे, पण त्यांच्या हातातलं काय काय गेलं ते बघा. नव्या ओट्याचा एक तुकडा, अडीच-तीन फूट रुंदीचा, जेवणाच्या टेबलाइतका खाली घ्या, ७५ सेंटिमीटरवर, आणि त्याच्याखाली ट्रॉली न घालता जागा मोकळी सोडा. खुर्ची घेऊन पाय आत घालून बसता येईल अशी. आई तिथे मेथी निवडतील, शेंगा सोलतील, पोळ्या लाटतील. मुलगी तिथे बसून अभ्यास करेल. आणि तुम्ही ऑफिसमधून आल्यावर पाय दुखत असताना तिथे बसून कांदा चिराल. या एका कोपऱ्यासाठी मी इंटिरियरवाल्याशी भांडेन. रोजचे डबे-पातेली गुडघा ते खांदा एवढ्या पट्ट्यात आणा. माळ्यावर फक्त दिवाळीचं सामान. त्यासाठीही स्टुलावर चढणं बंद, दांडा असलेली घडीची शिडी आणा.

आता त्या चार पायऱ्या. सोसायटीचे सेक्रेटरी म्हणाले, "रॅम्प टाकू की." हिशोब करा. सहा इंचांची एक पायरी धरली तर चार पायऱ्यांची चढण ६० सेंटिमीटर होते. सुरक्षित उतार एकास बारा, म्हणजे रॅम्प ७.२ मीटर लांब हवा, जवळजवळ चोवीस फूट, शिवाय दोन्ही टोकांना सपाट जागा. पार्किंगमधून वळवून तेवढी जागा मिळत असेल तर उत्तमच. नाहीतर लोक आठ फुटांत तो कोंबतात, आणि असा खडा रॅम्प पायऱ्यांपेक्षा धोक्याचा. त्यावर वॉकर घसरतो, पावसाळ्यात तर विचारूच नका. जागा नसेल तर दोन्ही बाजूंना, पहिल्या पायरीच्या अलीकडून सुरू होऊन शेवटच्या पायरीच्या पलीकडे संपणारे मजबूत कठडे, पायरीच्या कडेला पिवळी पट्टी आणि चांगला दिवा, एवढं मागा. आईंसारख्या, थोडं चालू शकणाऱ्या माणसाला फिजिओथेरपिस्टने शिकवलं तर कठड्याला धरून चार पायऱ्या जमू शकतात. वॉकर मागून कुणीतरी आणायचा. चाकाची खुर्ची वापरणारं कुणी इमारतीत असेल तर कठडे पुरणार नाहीत, मग रॅम्प किंवा छोटी प्लॅटफॉर्म लिफ्ट याला पर्याय नाही. अर्ज लेखी द्या, एकट्याच्या नावाने नको. तुमच्या इमारतीत साठीपुढचे किती जण आहेत, बाबागाडीवाली किती घरं आहेत, ते मोजून त्यांच्या सह्या घ्या आणि विषय सर्वसाधारण सभेच्या पत्रिकेवर घ्यायला लावा. २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदाही अर्जात नमूद करा. पण सभेत कायद्यापेक्षा शेजारच्या काकांचा वॉकर जास्त काम करतो, असा माझा अनुभव आहे.

नणंदेच्या सूचनेबद्दल. ज्येष्ठांसाठीचे प्रकल्प पुण्याच्या आसपास बरेच झालेत, काही चांगलेही आहेत. एकटं राहणाऱ्या, मुलं परदेशात असणाऱ्या जोडप्यांना ते आधार देतात. पण तुमच्या पत्रात आईंनी त्याची इच्छा कुठेही दाखवलेली नाही. शेजारच्या मावशी, घरातली नात, ठरलेला दूधवाला, हे सगळं सोडून ७६ व्या वर्षी नवी ओळखपाळख करायची, आणि तेही इथलं घर दुरुस्त होण्यासारखं असताना? आईंना स्वतःला जावंसं वाटलं तर आधी महिनाभर राहून बघावं. नाहीतर हा विषय तूर्त मिटवा.

पडण्याचा सगळा दोष घराचा नसतो, हेही लक्षात असू द्या. हाडांच्या ठिसूळपणावर उपचार सुरू आहेत का, रक्तदाबाच्या किंवा झोपेच्या गोळीने रात्री उठताना चक्कर येते का, चष्म्याचा नंबर कधी तपासला, हे डॉक्टरांना विचारा. आणि शक्य असेल तर एकदा ऑक्युपेशनल थेरपिस्टला, म्हणजे रोजची कामं माणसाला स्वतः करता यावीत यासाठी मदत करणाऱ्या तज्ज्ञाला, घरी बोलवा. आपल्याकडे या विषयाची पहिली शाळा १९५० साली मुंबईच्या केईएम रुग्णालयात सुरू झाली. ती सुरू करणाऱ्या कमलाबाई निंबकर जन्माने अमेरिकन, लग्न करून निंबकरांच्या घरी आलेल्या. इतकी वर्षं झाली, तरी घराचं काम काढताना आपण वास्तुशास्त्रवाल्याला आधी बोलावतो आणि आईला कुठे अडतं हे बघू शकणाऱ्या माणसाला बोलवायचं आपल्याला सुचत नाही, याची मला मनापासून खंत वाटते. तासाभराची त्यांची भेट तुमचे हजारो रुपये चुकीच्या जागी जाण्यापासून वाचवेल.

पाच लाखांत हे सगळं बसेल का? आधी बाथरूम, मग दिवे आणि वायरिंग, मग ओटा. जमिनीची फरशी त्यानंतर. खोट्या छताला आणि टीव्हीमागच्या दगडी भिंतीला पैसे उरले तर जरूर करा, तुमच्या हौसेचं एक तरी त्यात असलंच पाहिजे. काम चालू असताना मात्र दोन्ही बाथरूम एकदम फोडू नका.

अशीच पत्रं आणखी काही जणांची आली आहेत, म्हणून दोन शब्द त्यांच्यासाठी. भाड्याच्या घरात भिंत फोडता येत नाही. तिथे कमोडवर बसवायची उंच बैठक, आंघोळीचं स्टूल, चिकटवायच्या खरखरीत पट्ट्या, पलंगाच्या पायांखाली ठोकळे आणि भरपूर दिवे, इतक्याने निम्मं काम होतं, आणि घर बदलताना सामान बरोबर नेता येतं. गावाकडे संडास अंगणापलीकडे असतो. तिथे वाटेवर सपाट फरशी, बाजूने हाताला धरायला लोखंडी पाइप आणि एक सौर दिवा, याला प्राधान्य द्या. ज्यांना ऐकू कमी येतं त्यांच्यासाठी दाराच्या घंटेबरोबर लुकलुकणारा दिवा मिळतो. विसरायला होणाऱ्या माणसासाठी संडासाच्या दाराचा रंग वेगळा करा, कपाटांच्या फळ्या उघड्या ठेवा आणि घरातलं सामान वारंवार हलवू नका. पैशांची ओढाताण असेल आणि वय ६५ च्या पुढे असेल, तर राज्याच्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेतून वार्षिक उत्पन्न दोन लाखांच्या आतल्या कुटुंबांतल्या ज्येष्ठांना काठी, चष्मा, कमोडची खुर्ची अशा साधनांसाठी एकदा ३,००० रुपये मिळतात. त्याची चौकशी करा. ज्येष्ठांसाठी १४५६७ ही हेल्पलाइनही आहे.

ताई, एक काम मात्र नूतनीकरणाची वाट न बघता करायचं आहे. तुम्ही लिहिलंय की आई कमोडवरून उठताना टॉवेलच्या दांड्याला धरतात. आज रात्री त्या दांड्याला दोन्ही हातांनी धरून खाली ओढून बघा. तो दोन छोट्या स्क्रूंवर उभा आहे, आणि रोज सकाळी ७६ वर्षांचं एक शरीर त्यावर भार टाकतं. उद्या इलेक्ट्रिशियन असो की प्लंबर, ज्याच्याकडे ड्रिल आहे त्याला बोलावून त्याच्या जागी पक्का दांडा बसवून घ्या. तो बसेपर्यंत कमोडशेजारी हात असलेली, न हलणारी जड खुर्ची ठेवा. आणि टॉवेल दाराबाहेरच्या खिळ्याला अडकवा.